सालीतला कडूपणा

संत्र्यांचा मोसम आला की एक सल्ला हमखास कानावर पडतो. "साली टाकू नका हं, साखरेत पाकवून कँडी करा. टाकाऊतून टिकाऊ!" यातली कँडी मला एकदम मान्य आहे. टाकाऊतून टिकाऊ मात्र अजिबात नाही.

साधा हिशेब करून बघा ना. पाव किलो सालीला निदान पाव किलो साखर लागते, बहुतेक वेळा जास्तच. साली दोन-तीनदा उकळायच्या, मग आठवडाभर रोज पाक तापवायचा, म्हणजे गॅस आला. रोज आठवण ठेवायची ती वेगळीच. फुकटची साल वाचवण्यासाठी विकतची साखर आणि गॅस खर्च करायचा, ही कसली काटकसर? साल वाया जाऊ द्यायची नसेल तर उन्हात वाळवून उटण्यात घालावी. एक पैसा लागत नाही.

आता कोणी म्हणेल, कारण काहीही असो, केलं म्हणजे झालं. पण नाही होत तसं. काटकसर म्हणून केलं की वेळही वाचवावासा वाटतो आणि मग तासाभरात होणाऱ्या कृती शोधल्या जातात. या पदार्थाला नेमकी घाई सोसत नाही. साल एकदम दाट पाकात टाकली तर साखर आत शिरण्याआधी सालीतलं पाणी भराभर बाहेर येतं. साल आक्रसते, चामड्यासारखी चिवट होते आणि साखर नुसती वरवर बसते. म्हणून सुरुवात पातळ पाकाने, साखर आणि पाणी समसमान. दुसऱ्या दिवशी साली बाजूला काढून पाकात थोडी साखर घालायची, उकळायचं, साली परत सोडायच्या. असं पाच-सहा दिवस, पाक एकतारी होईपर्यंत. पाकात थोडा लिंबाचा रस पिळला की साखर लवकर दाणेदार होत नाही. शेवटी साली निथळून जाळीवर वाळवायच्या.

आणि हो, साली पाकात जाण्याआधीच पुरत्या मऊ शिजलेल्या हव्यात, नख सहज रुतेल इतक्या. साखरेत गेल्यावर त्या आणखी मऊ होत नाहीत. आपल्याला हे नवीन नाही. मोरावळ्याचे आवळे आपण टोचतो, वाफवतो आणि मग पाकात मुरू देतो. मुरणं हा शब्दच मुळी वेळ मागणारा आहे.

पण माझा खरा मुद्दा कडूपणाचा आहे. बऱ्याच कृतींत लिहिलेलं असतं, "कडवटपणा पूर्ण जाईपर्यंत पाणी बदलत राहा." का म्हणून? कडू द्रव्यं उकळत्या पाण्यात उतरतात हे खरं. पपनसाच्या सालीतलं नॅरिंजिन तसंच उतरतं. पण सालीच्या रंगीत भागात तेलाचे बारीक थेंब असतात, संत्र्याचा सगळा वास त्यांच्यात. प्रत्येक पाण्याबरोबर त्यातलाही थोडा जातो. चार-पाच पाणी काढून टाकल्यावर उरते ती गोड, मऊ, बिनवासाची पट्टी. तीच हवी असेल तर टुटीफ्रुटी काय वाईट? आपल्याकडे ती कच्च्या पपईचीच असते, तिला स्वतःची चव फारशी नसते आणि ती स्वस्तही पडते!

माझ्या मते नागपुरी संत्र्याच्या पातळ सालीला दोन पाणी पुरतात. पपनसाची साल जाड आणि जास्त कडू, तिला तीन-चार द्यावीत. महाळुंगाचं तर विचारूच नका, त्यात गरापेक्षा सालीचा पांढरा भागच जास्त. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातात असलेलं हेच ते फळ. तिकडे कॉर्सिका बेटावर आणि इटलीत कॅलाब्रियात याच जातीच्या फळाच्या साली आधी कित्येक आठवडे मिठाच्या पाण्यात ठेवून मग साखरेत पाकवायची जुनी रीत आहे. एवढे कष्ट माणसं साल वाचवायला घेत नाहीत, त्या चवीसाठीच घेतात.

गंमत म्हणजे कडू आपल्याला परकं नाही. कारल्याला मीठ लावून पिळतो, गूळ घालतो, पण ते बेचव होईस्तोवर धूत नाही. मेथी खातो. पाडव्याला कडुनिंब खातो, भले एक दिवस का होईना. गोडाची वेळ आली की मात्र जिभेला दुसरं काहीच चालत नाही. दिवसेंदिवस सगळे गोड पदार्थ एकाच चवीचे होत चाललेत, असं मला वाटतं. साखरेत थोडा कडवटपणा शिल्लक राहिला की माणूस एका तुकड्यावर थांबतो, चावतो, विचार करतो. निव्वळ गोडाचे चार तुकडे कधी संपले ते कळतही नाही.

असो. केक किंवा चहाबरोबर, नाहीतर नुसत्याच खायला करणार असाल तर खुशाल करा, पण आठवडा हाताशी ठेवून करा. उरलेला पाक सरबतात घाला. मुलं पहिल्या दिवशी तोंड वाकडं करतील. करू देत. लगेच आणखी साखर घोळवायला धावू नका.