सौदा न करणाऱ्या गिऱ्हाइकाचं फीचर

आमच्या धंद्यात एक प्रकार नेहमीचा. गिऱ्हाईक येतं, एखादं विचित्र फीचर मागतं, आपण ते कोडमधे घुसवतो आणि मग गिऱ्हाईक सौदाच करत नाही. फीचर मात्र राहतं. पुढे येणारा प्रत्येक नवा पोरगा त्याला हात लावायला घाबरतो. "असेल काहीतरी कारण!"

पिस्तुलातही हे झालंय. न्हावा शेवा बंदराची राखण सीआयएसएफकडे आहे. गेटवर रांगेत उभं राहिलं की नजर जवानांच्या होल्स्टरकडे जातेच. आत नेमकं काय ते बाहेरून दिसत नाही, पण आपल्या लष्करात आणि पोलिसांत कित्येक दशकं चालत आलेलं पिस्तूल म्हणजे ९ एमएम १ए. बंगालमधल्या इशापूरच्या रायफल फॅक्टरीचं. मूळ डिझाइन ब्राउनिंग हाय-पॉवर.

जॉन ब्राउनिंग १९२६ मधे बेल्जियममधे वारला, तेव्हा हे काम अर्धवट होतं. ते पुरं केलं द्यूदोने सेव्ह या बेल्जियन डिझायनरने. मॅगझिनमधे गोळ्या एकाखाली एक न रचता दोन ओळींत एकाआड एक रचायच्या ही कल्पना त्याचीच. त्यामुळे मुठीत मावणाऱ्या जागेत १३ गोळ्या बसल्या. १९३५ साली हे केवढं मोठं होतं बघा: अमेरिकन लष्कराच्या कोल्टमधे ७ होत्या.

आता ते फीचर. काम सुरू झालं फ्रेंच लष्करासाठी, आणि त्यांची एक अट होती: मॅगझिन काढलेलं असताना चाप ओढला तरी गोळी सुटता कामा नये. म्हणून चापात एक छोटा भाग बसवला, तो मॅगझिनवर दाबून राहतो. मॅगझिन नसेल तर पुढची साखळी जुळतच नाही. पण मॅगझिन असतानाही तो घासत राहतो, त्यामुळे चाप जड आणि खरखरीत लागतो. मॅगझिनही पटकन खाली पडत नाही. फ्रेंचांनी शेवटी घेतलं दुसरंच पिस्तूल. अट राहिली.

दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी बेल्जियमचा कारखाना ताब्यात घेऊन हेच पिस्तूल स्वतःसाठी बनवलं, आणि दोस्तांसाठी ते कॅनडात टोरोंटोच्या इंग्लिस कंपनीने बनवलं. चीनसाठीचा माल कराचीला उतरवून हिमालयावरून विमानाने न्यायचा बेत होता. इशापूरचं १ए ही त्या इंग्लिसचीच नक्कल.

ती अट मूर्खपणाची होती असं मी म्हणत नाही. साफसफाई करताना मॅगझिन काढायचं आणि नळीत राहिलेली गोळी विसरायची, हा अपघात जगभर होतो. वर्षातून मोजक्या गोळ्या झाडायला मिळणाऱ्या माणसासाठी ती अट कदाचित फायद्याचीच असेल. माझं भांडण वेगळं आहे. ज्याच्या कमरेला ते लटकतं त्याला कुणी विचारलं का?

बंदरावरच्या जवानाचं पिस्तूल बहुतेक वेळ झाडलं जातच नाही, ते नुसतं वागवलं जातं. खारा वारा, चार महिने पाऊस, घाम. म्हणजे त्याची पहिली गरज गंज न धरणं ही. दुसरी, अचानक वेळ आली तर पहिली गोळी कशी सुटणार? १ए सिंगल ॲक्शन आहे, घोडा आधी मागे ओढलेला असावा लागतो. म्हणजे घोडा चढवून सेफ्टी लावून फिरा, नाहीतर ऐन वेळी दोन्ही हातांनी स्लाइड खेचा. सप्टेंबर २०१६ मधे उरणच्या शाळकरी मुलांनी हत्यारबंद माणसं पाहिल्याचं सांगितलं आणि सगळा परिसर पिंजून काढला गेला. काही सापडलं नाही. पण त्या रात्री झुडपांत शिरणाऱ्यांसाठी हा प्रश्न पुस्तकी नव्हता.

विचारून हत्यार बनवता येतं. 'अस्मी' ही मशीन पिस्तूल पुण्याच्या एआरडीईने महूच्या इन्फंट्री स्कूलबरोबर केली. डिझाइन पायदळातल्याच लेफ्टनंट कर्नल प्रसाद बनसोड यांचं. चार महिन्यांत तयार, जानेवारी २०२१ मधे जाहीर, २०२४ मधे उत्तर कमांडसाठी ५५० नग. अर्थात अस्मी होल्स्टरमधे मावणारी नव्हे, तिचं काम वेगळं.

कमरेच्या पिस्तुलासाठी अशी चौकशी कुणी करणार असेल तर त्यांनी न्हावा शेवाला यावं. जुलैत, आणि रात्रपाळीला.