वाळू पांढरी झाली, पाण्याचे काय?

समुद्रकिनाऱ्यावर बाहेरून वाळू आणून टाकली, तर तिच्यामुळे माणसाला आजार होतो काय? प्रश्न साधा वाटतो. पण 2020 च्या सप्टेंबर महिन्यात फिलिपाईन्सची राजधानी मनिला येथील रहिवाशांनी तो विचारला, तेव्हा त्यांना एकच एक उत्तर मिळाले नाही. एका सरकारी खात्याने सांगितले, जपा. दुसऱ्याने सांगितले, घाबरू नका. बोटीवर नोकरी करणाऱ्या आपल्या कोकणातील मंडळींना मनिला काही परकी नाही. बोटीवरचे पुष्कळ सोबती तिकडचेच असतात. शिवाय पुळणीवर ज्यांचे बालपण गेले अशा वाचकांना या प्रकरणात पुष्कळ घेण्यासारखे आहे, म्हणून आज हा विषय.

प्रथम हकीकत पाहू. मनिला उपसागराच्या काठाने रोक्सास बुलेवार्ड नावाचा प्रसिद्ध रस्ता आहे. तेथील सूर्यास्त पाहायला लोक पूर्वीपासून जमत. पाणी मात्र गटाराचे आणि काठावर कचऱ्याचे ढीग. 2019 च्या जानेवारीत सरकारने उपसागर स्वच्छ करण्याची मोहीम सुरू केली आणि तिचाच एक भाग म्हणून पुढील वर्षी सुमारे 500 मीटर लांबीच्या किनाऱ्यावर पांढरीशुभ्र वाळू पसरण्यात आली. या किनारा-सुशोभनाच्या कामाचा खर्च 38 कोटी 90 लाख पेसो. देश त्या वेळी कोरोनाने हैराण झालेला, त्यामुळे या पैशावरूनच आधी ओरड झाली. वाळूच्या गुणवत्तेचा प्रश्न लगोलग पाठोपाठ आला.

कारण ती वाळू नव्हतीच. सेबू बेटावरील आल्कॉय गावच्या खाणीतून काढलेला डोलोमाइट नावाचा दगड फोडून, चुरा करून तो जहाजाने आणला होता. डोलोमाइट म्हणजे कॅल्शियम आणि मॅग्नेशियम यांचा कार्बोनेट. चुनखडीचा भाऊच म्हणा. समुद्राची खरी वाळू हजारो वर्षे लाटांनी घासून गोल झालेली असते. हा चुरा क्रशरमधून ताजा निघालेला, कोनेदार. शिवाय नैसर्गिक वाळूत बहुधा क्वार्ट्झ म्हणजे गारेचे कण पुष्कळ असतात आणि गार फार कठीण. खनिजांचा कठीणपणा मोजण्याच्या दहा अंकी मापात गारेला 7, तर डोलोमाइटला साडेतीन ते चार. मऊ दगड लाटांच्या माऱ्याखाली लवकर झिजणार हे सांगायला भूगर्भशास्त्रज्ञ नको, पाट्यावर वाटण वाटणारी कोणतीही बाई सांगेल.

फिलिपाईन्सच्या आरोग्य खात्याने म्हटले की डोलोमाइटची बारीक धूळ श्वासातून गेल्यास श्वसनाचा त्रास होऊ शकतो, डोळे चुरचुरतात, पोटात गेल्यास अस्वस्थता येते. यावर गहजब झाल्यावर त्याच खात्याने खुलासा केला की आपण धुळीविषयी बोललो, अखंड स्वरूपातील डोलोमाइट अपायकारक म्हणून ज्ञात नाही. पर्यावरण खात्याचे म्हणणे असे की किनाऱ्यावर टाकलेले कण 2 ते 5 मिलिमीटरचे आहेत, धुळीपेक्षा शंभरपट जाड, ते नाकात जाणारच कसे?

वैद्यकशास्त्र याबाबत काय सांगते ते समजून घेतले पाहिजे, कारण आपल्या घराजवळच्या खडी क्रशरलाही तेच लागू आहे. मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन. साधारण दहा मायक्रॉनपेक्षा मोठे कण नाकातील केसांत आणि घशातील चिकट स्रावात अडकतात. शिंक आली, खोकला आला की बाहेर पडतात. चार-पाच मायक्रॉनपेक्षा लहान कण मात्र थेट फुफ्फुसाच्या वायुकोशांपर्यंत पोचतात. गंमत अशी की हा धोकादायक कण डोळ्यांना सुटा दिसतच नाही. धुळीचा लोट दिसतो, त्याने आपण तोंड फिरवतो, पण लोट खाली बसल्यावरही बारीक कण बराच वेळ हवेत तरंगत राहतात. रांगोळीची पुडी ओतताना खिडकीतून येणाऱ्या उन्हाच्या तिरिपेत पाहा, म्हणजे कल्पना येईल.

या हिशेबाने 2 मिलिमीटरचा कण म्हणजे 2000 मायक्रॉन. तो फुफ्फुसात जाणे शक्य नाही. म्हणजे किनाऱ्यावर तासभर फिरायला जाणाऱ्या माणसाबाबत पर्यावरण खात्याचे म्हणणे चूक नव्हते. जाता जाता, भूगर्भशास्त्रात वाळू म्हणतात ती 2 मिलिमीटरपर्यंतच्या कणांना. त्यापुढचे सारे खडीत जमा. म्हणजे खात्याच्याच आकड्यांनुसार तिथे ‘वाळू’ नव्हे, बारीक खडी पसरली होती! असो.

पण एवढ्याने रहिवाशांचे समाधान व्हावे काय? मला तसे वाटत नाही. दगड फोडला की एकाच मापाचे कण निघत नाहीत. पाच मिलिमीटरच्या कणाबरोबर पीठही निघते. ते चाळून, धुऊन काढले होते का, किती उरले होते, हा खरा प्रश्न. कणाचे सरासरी माप सांगून त्याचे उत्तर होत नाही. ‘सगळ्यात बारीक चाळणीतून शंभरात किती भाग खाली पडले’ एवढा एक आकडा किनाऱ्यावरच्या फलकावर लिहिला असता तर निम्मी भीती तिथेच संपली असती. दुसरे असे की मऊ दगड झिजतो. आज दोन मिलिमीटरचा कण चार पावसाळ्यांनंतर केवढा असेल, याचे उत्तर टाकण्याच्या दिवशी केलेल्या तपासणीत सापडत नाही. ओल्या किनाऱ्यावर धूळ उडत नाही हे खरे. कोरड्या उन्हाळ्यात, भरतीच्या रेषेच्या वर, माणसांच्या पायांखाली काय होते ते पुन्हापुन्हा मोजावे लागते.

आणि दगडात गार किती आहे? डोलोमाइट स्वतः फुफ्फुसाला गारेइतका क्रूर नाही. परंतु अशा दगडात थोडीफार गार मिसळलेली असू शकते आणि बारीक गारेची धूळ ही वैद्यकातील जुनी वैरीण आहे. तिने होणाऱ्या सिलिकोसिस रोगात फुफ्फुस हळूहळू दगडासारखे घट्ट होत जाते. झालेले नुकसान कोणत्याही औषधाने भरून निघत नाही, क्षयरोगाला मात्र दार उघडे होते. 1997 साली कर्करोग संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने ही धूळ माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातली. आपल्या शेजारी मध्य प्रदेशात मंदसौरला पाटीवरच्या पेन्सिली कापणारे कामगार याच रोगाने भर तारुण्यात गेले. त्या पेन्सिलींनी अक्षरे गिरवली आपण, आणि धूळ खाल्ली त्यांनी.

हे उदाहरण मुद्दाम दिले. मनिलाच्या गोंधळात सर्वांचे लक्ष किनाऱ्यावर फिरणाऱ्याच्या नाकाकडे होते. ज्याच्या नाकात खरोखर धूळ जाते तो माणूस तिथून शेकडो किलोमीटर दूर आल्कॉयच्या खाणीत दगड फोडत होता, पट्ट्यावरून जहाजात चुरा ओतत होता, किंवा मनिलात फावड्याने तो पसरत होता. पर्यटक तासभर येतो, कामगार आठ तास असतो आणि वर्षानुवर्षे असतो. धुळीच्या रोगात मात्रा आणि मुदत यांचाच खेळ असतो. सेबूच्या गव्हर्नरबाईंनी त्याच सप्टेंबरात पर्यावरणाच्या हानीचे कारण देऊन खाणकाम आणि वाहतूक थांबवण्याचा आदेश काढला, तोवर जहाजे येऊन गेली होती. किनारा सुंदर करण्याच्या कोणत्याही योजनेत वाळू कुठून आणली, तिथल्या माणसांच्या छातीचे फोटो कोणी काढले काय, हे विचारण्याची रीत अजून पडलेली नाही.

आता पाण्याकडे येऊ, कारण माझ्या मते सगळे दुखणे तिथे आहे. मनिला उपसागराच्या सफाईची मागणी काही नवीन नव्हती. 1999 साली तेथील काही रहिवाशांनीच सरकारी खात्यांवर न्यायालयात दावा लावला होता. नऊ वर्षांनी, 18 डिसेंबर 2008 रोजी, सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की उपसागराचे पाणी पोहण्याच्या, पाण्यात डुंबण्याच्या योग्यतेचे करा आणि तसेच टिकवा. त्या प्रतीच्या पाण्यासाठी तेथील मानक असे आहे की 100 मिलिलिटर पाण्यात विष्ठेतून येणारे कोलिफॉर्म जंतू 100 पेक्षा जास्त नसावेत. उपसागरात पाहणीच्या ठिकाणी हा आकडा लाखांच्या घरात आढळत होता. लोकांनी मागितले पाणी आणि बारा वर्षांनी त्यांच्या पुढ्यात आली वाळू. सांडपाणी सोडणाऱ्या आस्थापनांवर कारवाई झाली, गाळ-कचरा काढला गेला, हे नाकारण्याचे कारण नाही. पण पांढऱ्या वाळूने त्या पाण्यातील एकही जंतू मरत नाही, ही गोष्ट फिलिपाईन्स विद्यापीठाच्या समुद्रशास्त्रज्ञांनीही तेव्हाच बजावली होती. पुढच्याच महिन्यात पावसानंतर पांढऱ्या थरावर काळपट वाळू दिसू लागली. खात्याने सांगितले की आमची वाहून गेली नाही, समुद्राने दुसरी वर आणून टाकली. वाद काही असो, समुद्राने आपला अभिप्राय दिला होता.

डॉक्टर म्हणून मला धास्ती वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. काळा, घाणेरडा किनारा माणसाला आपोआप दूर ठेवतो. आई मुलाचा हात धरून ठेवते. तोच किनारा पांढरा केला की हात सुटतो. 2021 च्या ऑक्टोबरात हा किनारा पुन्हा खुला झाला तेव्हा एकेका दिवशी हजारोंची झुंबड उडाली, इतकी की कोरोनाच्या भीतीने लहान मुलांना मनाई करावी लागली. मनिलात मोकळी जागा किती थोडी, हे पाहता त्या गरीब माणसांना दोष देववत नाही. पाण्यात उतरण्यास तिथे बंदी होती. पण समुद्रापुढे मूल उभे करून त्याला पाण्यात जाऊ नको म्हणणे, हे ज्याने मुले वाढवली त्याने योजलेले दिसत नाही. घाण पाणी तोंडात गेले तर जुलाब, विषमज्वर, कावीळ, आणि कान-डोळ्यांचे विकार. यादी आपल्या पावसाळ्यातील दवाखान्याचीच.

वाळूत जंतू नसतात असाही एक समज आहे. तो सोडून द्यावा. सांडपाण्याच्या किनाऱ्यावरील ओली वाळू जंतूंना पाण्यापेक्षाही जास्त काळ आसरा देते. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने 2021 च्या मार्गदर्शक सूचनांत पाण्याबरोबर वाळूही तपासा असे सांगितले आणि एक ग्रॅम वाळूत विष्ठेतील एन्टेरोकॉकस जंतू 60 पेक्षा जास्त नसावेत अशी तात्पुरती मर्यादा सुचवली. आपल्या पुळणीवर भटकी कुत्री घाण करतात, त्यातून कुत्र्यांच्या अंकुशकृमींच्या अळ्या सावलीतील ओलसर वाळूत राहतात आणि अनवाणी पायाच्या कातडीत शिरतात. पायावर लाल, नागमोडी, भयंकर खाजणारी रेषा रोज थोडी थोडी पुढे सरकत असेल तर ते हेच. मलमे चोळत बसू नये, डॉक्टरांच्या सल्ल्याने कृमिनाशक औषध घेतले की आराम पडतो.

उद्या आपल्या गावी किनारा धुपला म्हणून कोणी बाहेरची वाळू आणण्याचे ठरवले, तर ग्रामसभेत पहिला प्रश्न रंगाचा नसावा. वाळू टाकण्याआधी तिचा नमुना बरणीत भरून ग्रामपंचायतीत ठेवायला सांगावा, चाळणीचा आणि गारेच्या प्रमाणाचा अहवाल मराठीत मागावा, ती फोडणाऱ्या व वाहणाऱ्या मजुरांची छाती तपासली का ते विचारावे. आणि ज्या नाल्याचे तोंड त्या किनाऱ्यावर उघडते, त्याचे पाणी दर महिन्याला तपासून आकडा नाल्याच्याच काठी लिहून ठेवायला लावावा. तो आकडा उतरेपर्यंत मुलांना भरतीच्या रेषेच्या वर, कोरड्या वाळूत खेळू द्यावे, पायात चपला असू द्याव्यात आणि घरी आल्यावर खाऊ हातात देण्यापूर्वी साबणाने हात धुवायला लावावेत. नखांतली वाळूसुद्धा काढावी.