माग किती तास उभा राहतो?

मालेगाव-भिवंडीत मंदी आली की पहिला सल्ला मिळतो तो नव्या यंत्राचा. जुने माग विका, कर्ज काढा, स्वयंचलित माग बसवा! नवे यंत्र वाईट, असे आम्ही म्हणत नाही. पण मागणी वारंवार बदलत असेल, तर नुसता वेग कामाला येत नाही. एका मालावरून दुसऱ्या मालावर जायला किती वेळ लागतो, हे आधी पाहावे लागते.

जपानच्या टोयोटा कारखान्यात १९६९ साली १००० टनी प्रेसचा साचा बदलायला ४ तास लागत. सल्लागार अभियंता शिगेओ शिंगो यांनी तो वेळ आधी दीड तासावर आणि पुढे ३ मिनिटांवर आणला. त्यासाठी नवा प्रेस घेतला नाही. यंत्र बंद असतानाच करावे लागणारे काम कोणते आणि ते चालू असताना उरकता येणारे कोणते, याची त्यांनी आधी वाटणी केली. साचा झटपट बदलू लागल्यावर मागणीपुरता थोडा थोडा माल काढणे परवडू लागले.

आपल्या यंत्रमागाचेही असेच आहे. तीच क्वालिटी चालू ठेवायची, तर नव्या बिमाचे धागे जुन्या धाग्यांना जोडले की भागते. क्वालिटी बदलली की वहिफणी नव्याने भरावी लागते, हजारो धागे ओवावे लागतात. एवढा वेळ माग उभा ठेवण्यापेक्षा मालक गिऱ्हाईक नसलेले कापडच काढत राहतो आणि गोदाम भरते. वहिफणीचा एक जादा संच घेऊन पुढचे बीम बाहेरच भरून ठेवले, तर यातला पुष्कळ वेळ वाचतो. हा खर्च नव्या मागाच्या मानाने किरकोळ आहे.

मात्र एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. कारागिराची मजुरी निघालेल्या कापडावर ठरते. माग थांबला की तीही थांबते. व्यापाऱ्याने सारखी नवी क्वालिटी मागायची, मालकाने ती कबूल करायची आणि घाटा कारागिराने सोसायचा, हे न्यायाचे नाही. आमच्या मते छोट्या ऑर्डरला व्यापाऱ्याने जादा भाव द्यावा आणि मालकाने त्यातून बदलाच्या वेळेची मजुरी चुकती करावी. वेळ कुठे वाया जातो, हे कारागिराइतके कोणाला ठाऊक नसते. त्याचे पोट सांभाळले, तरच तो ते सांगेल.

मालक बांधवांनी महिनाभर घड्याळ लावून माग किती तास उभा राहतो, ते टिपून ठेवावे. कर्जाचा अर्ज त्यानंतर भरावा.