ताठरलेले पाय आणि सैल करणारी गोळी

गोमंतकातील एका खेड्यातून एका वाचक भगिनींचे पत्र आम्हांस आले आहे. तीन वर्षांपूर्वी त्यांचे यजमान माडावरून पडले व पाठीच्या कण्याला इजा झाली. प्राण वाचले, हात शाबूत राहिले, पायांतही थोडीशी शक्ती परत आली. पण तिच्याबरोबर एक विलक्षण ताठरपणाही आला. रात्री अंथरुणावर पाठ टेकली की पाय आपोआप आखडत, मध्येच थडथड उडत, आणि दोघांचीही झोप मोडे. डॉक्टरांनी बॅक्लोफेन नावाची गोळी दिवसातून तीनदा घेण्यास सांगितले. रात्र शांत झाली. परंतु त्या पुढे लिहितात : "पूर्वी हे भिंतीला धरून न्हाणीपर्यंत जात असत. आता उभे केले की गुडघे दुमडतात. पाय सैल झाले खरे, पण माणूस बसला. उद्यापासून गोळ्या बंद कराव्यात, असे घरातल्या सर्वांचे म्हणणे पडले. आपले मत काय?"

आमचे मत आम्ही त्यांस उलट टपाली कळविले, ते असे : गोळ्या उद्या बंद करू नका, डॉक्टरांकडे जा. कारणे मात्र येथे सविस्तर देतो. पक्षाघाताने एक अंग ताठरलेली आजी, जन्माच्या वेळी मेंदूस इजा पोहोचलेले बालक, कण्याला मार बसलेला कर्ता पुरुष, अशी माणसे आपल्या पुष्कळ घरांत आहेत, आणि ही गोळीही त्यांपैकी अनेकांच्या उशाशी आहे.

प्रथम हा ताठरपणा येतो कोठून ते पाहू. स्नायू ताणला गेला की त्यातील ज्ञानतंतू ती वार्ता मज्जारज्जूला देतात, आणि मज्जारज्जू मेंदूची आज्ञा येण्याची वाट न पाहता त्या स्नायूस आवळण्याचा हुकूम सोडतो. डॉक्टर गुडघ्याखाली लहानशी हातोडी मारतात आणि पाय उडतो, तो याच व्यवस्थेमुळे. चार्ल्स शेरिंग्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने आपल्या सहकाऱ्यासह १९२४ साली ताणाला स्नायूने दिलेल्या या उत्तराचे वर्णन केले. मज्जातंतूंच्या कार्यावरील संशोधनाबद्दल त्यांना १९३२ साली नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला.

निरोगी माणसात या व्यवस्थेवर मेंदूचा दाब असतो. बैलगाडीचे उदाहरण घेऊ. बैल बळकट असतात, वाट त्यांच्या ओळखीची असते, तरीही कासरा गाडीवानाच्या हाती असतो. मेंदू हा गाडीवान, आणि त्याच्यापासून मज्जारज्जूत उतरणारे तंतू हा कासरा. पक्षाघाताने, कण्याच्या इजेने किंवा अन्य विकाराने हा कासरा तुटला की बैल मरत नाहीत, ते उधळतात. थोडासा ताण पडला तरी स्नायू सर्व बळानिशी आवळतो. म्हणून पाय दुर्बळ असूनही दगडासारखा कठीण लागतो. याची एक खूण आहे. असा पाय हळूहळू लांब केला तर पुष्कळदा सरळ होतो. झटक्याने ओढला तर अडतो. जेम्स लान्स या ऑस्ट्रेलियन वैद्यांनी १९८० साली या विकाराची जी व्याख्या केली, तिच्यात ताणाच्या वेगाला असेच महत्त्व दिले आहे.

आता गोळीकडे वळू. आपल्या मज्जासंस्थेत 'गाबा' नावाचे एक द्रव्य निसर्गतःच असते. तंतूंची खळबळ शांत करणे हे त्याचे काम. पण ते बाहेरून दिले तर रक्तातून मेंदूत व मज्जारज्जूत नीट शिरत नाही. त्याच्या घडणीत थोडा फरक करून स्वित्झर्लंडमधील बाझल येथे सीबा कंपनीच्या रसायनशास्त्रज्ञांनी १९६२ साली बॅक्लोफेन तयार केले. हेतू होता अपस्मारावर उपाय शोधण्याचा. त्या कामी औषध फारसे उपयोगी पडले नाही. परंतु काही रुग्णांचा ताठरपणा मात्र कमी झालेला दिसला, आणि एका कामासाठी केलेले औषध दुसऱ्या कामी लागले. ते मज्जारज्जूत पोहोचून तंतूंच्या टोकांवर बसते. मग 'स्नायू आवळ' हा निरोप पुढे नेणारी द्रव्ये कमी सुटतात आणि स्नायू सैल पडतो.

येथे एक गोष्ट ध्यानी ठेवावी. बॅक्लोफेन हा नवा कासरा नव्हे. ते उधळलेल्या बैलांना शांत करते, एवढेच. तुटलेला तंतू ते सांधत नाही, गेलेली शक्ती परत आणत नाही. हे आधी सांगितले नाही म्हणजे घरच्या माणसांची अपेक्षा एक असते, अनुभव दुसराच येतो, आणि दोष औषधाच्या माथी बसतो.

आमच्या भगिनींच्या घरी नेमके हेच झाले. त्यांचे यजमान भिंतीला धरून उभे राहत, ते स्नायूंच्या स्वतःच्या शक्तीपेक्षा त्या ताठरपणाच्या आधारावर. ताठ पाय टेकूसारखा उपयोगी पडत होता. गोळीने टेकू काढून घेतला, तेव्हा मुळची दुर्बळता उघडी पडली. औषधाने पांगळेपण आणले नाही. झाकलेले होते ते दिसू लागले. म्हणून ताठरपणा समूळ घालवणे हा उपचाराचा हेतूच नसतो. झोप मोडते तेवढा, वेदना होते तेवढा, अंग धुण्यास व कपडे घालण्यास आड येतो तेवढा कमी करावा आणि उभे राहण्यास लागतो तेवढा राहू द्यावा, हे खरे कौशल्य. ते साधण्यासाठी डॉक्टरांना घरची हकीकत कळली पाहिजे. ताठरपणा रात्री छळतो आणि दिवसा आधार देतो असे समजले, तर ते दिवसाची मात्रा उतरवून रात्रीची ठेवू शकतात. हे पत्र संपादकांना लिहिण्याआधी डॉक्टरांना वाचून दाखवले असते तर बरे झाले असते, असे आम्ही त्या भगिनींस प्रेमाने सुचविले आहे.

मग गोळी एकदम का सोडू नये? शरीर या औषधाला सरावते. ते अचानक नाहीसे झाले की इतके दिवस दबलेली खळबळ एकाएकी उसळते. ताठरपणा पूर्वीपेक्षा अधिक जोराने परततो. ताप चढतो, अंगाला खाज सुटते, नसलेली माणसे दिसू लागतात, फेफरे येते, आणि क्वचित प्रसंगी प्राणावर बेतते. घरच्यांना वाटते, वेड लागले किंवा बाहेरची बाधा झाली. कारण मात्र रिकाम्या डबीत असते. औषध बंद करावयाचेच असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने पायरी पायरीने, आठवडा-दोन आठवडे किंवा त्याहून अधिक काळ घेऊन उतरवावे लागते. चढवणेही असेच सावकाश असते. प्रौढ माणसाला बहुधा ५ मिलिग्रॅम दिवसातून तीनदा येथून आरंभ करतात, दर तीन दिवसांनी थोडे थोडे वाढवतात आणि सामान्यतः दिवसाला ८० मिलिग्रॅमच्या पुढे जात नाहीत. हे आकडे माहितीसाठी आहेत. आपल्या हाताने मात्रा ठरविण्यासाठी नव्हेत.

गुंगी, चक्कर, मळमळ आणि अशक्तपणा हे या औषधाचे नेहमीचे त्रास होत. त्यावर मद्याचा पेला किंवा झोपेची गोळी पडली तर गुंगी धोक्याची ठरते. म्हणून लग्नाकार्यातला आग्रह अशा माणसाला करू नये. हे औषध मुख्यतः मूत्रपिंडांवाटे बाहेर पडते. मूत्रपिंडाचा विकार असेल तर थोडी मात्राही अंगात साठून राहते. ती गोष्ट डॉक्टरांपासून लपवू नये.

बॅक्लोफेनखेरीज दुसरीही साधने आहेत. टिझानिडीन देताना रक्तदाब व यकृत यांवर लक्ष ठेवावे लागते. डायझेपामची सवय जडते. डँट्रोलीन ज्ञानतंतूंवर नव्हे, तर थेट स्नायूवर काम करते, पण यकृताला त्याची भीती असते. ताठरपणा मोजक्याच स्नायूंत असेल तर त्या स्नायूंत बोट्युलिनम विषाचे अत्यल्प प्रमाणाचे इंजेक्शन देतात. त्याचा गुण सुमारे तीन महिने टिकतो. गोळ्यांनी भागत नाही अशांसाठी पोटाच्या त्वचेखाली लहानसा पंप बसवून मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात थेंबाथेंबाने बॅक्लोफेन सोडण्याची युक्तीही आहे. १९८४ साली अमेरिकेत पेन व क्रॉइन यांनी तिचे अनुभव प्रसिद्ध केले. तेथे मात्रा गोळीच्या मानाने फारच थोडी लागते. पण पंप महाग, वेळोवेळी भरावा लागतो, आणि तो रिता पडला तर वर सांगितलेले सर्व धोके ओढवतात.

घरच्या माणसांकडे तीन कामे आहेत, आणि ती कोणत्याही गोळीने होणारी नव्हेत. पहिले, रोजचा व्यायाम. ताठरलेला स्नायू तसाच राहू दिला तर तो कायमचा आखूड होतो, आणि मग औषध हरते. सांधा हळूहळू लांब करावा, तीस अंक मोजेपर्यंत धरावा, सावकाश सोडावा. झटका कधीही देऊ नये. दुसरे, ताठरपणा एकाएकी वाढला तर गोळी वाढवण्याआधी कारण शोधावे. लघवीतील दोष, तुंबलेला कोठा, पाठीवर पडलेले व्रण, बोटात रुतलेले नख, यांपैकी एखादे बहुधा सापडते. रुग्णाला त्या जागेची वेदना जाणवत नसली तरी त्याचे स्नायू ती बोलून दाखवतात. तिसरे, डबीत निदान पंधरा दिवसांच्या गोळ्या शिल्लक असाव्यात. पावसाळ्यात ओहोळ भरतो, बस बंद पडते, आणि तालुक्याच्या दुकानात नेमके तेच औषध संपलेले असते.

त्या भगिनींचे दुसरे पत्र काल हाती आले. डॉक्टरांनी सकाळची मात्रा टप्प्याटप्प्याने उतरवण्यास आरंभ केला आहे. रात्रीची तशीच ठेवली आहे. यजमान अद्याप न्हाणीपर्यंत गेलेले नाहीत. परंतु परवा सकाळी ते भिंतीला धरून उभे राहिले, आणि त्या शंभर अंक मोजीत शेजारी उभ्या होत्या, असे त्यांनी लिहिले आहे.