खोटी ओरड करणारी चाचणी



जरीपटका-इंदोऱ्यातून शहर ओलांडून मिहानकडे नोकरीला जाणाऱ्या आपल्या मुलामुलींत काही सॉफ्टवेअर टेस्टर आहेत. हे काम नेमके काय, ते आज आम्ही सांगणार आहोत.

शिष्यवृत्तीचा ऑनलाइन अर्ज घ्या. विद्यार्थिनी लॉगिन करते, जातीचा दाखला जोडते, बँक खाते भरते, अर्ज सादर करते आणि पोचपावती मिळते. हा सारा प्रवास प्रोग्रामने ब्राउझर चालवून पुन्हा पुन्हा तपासायचा, ही झाली ऑटोमेटेड एंड-टू-एंड चाचणी. त्यासाठीचे सेलेनियम हे साधन २००४ मध्ये जेसन हगिन्स यांनी सुरू केले. मायक्रोसॉफ्टचे प्लेराइट २०२० मध्ये आले.

अडचण अशी की, काहीही न बदलता चाचणी सकाळी पास होते आणि दुपारी नापास. तिला ‘फ्लेकी’ म्हणतात. आपल्या जवळजवळ १६ टक्के चाचण्यांत हा दोष कमी-अधिक आढळतो, असे गूगलनेच २०१६ मध्ये सांगितले होते. रोज खोटी ओरड झाली की ‘पुन्हा चालवा, होईल पास’ अशी सवय लागते. मग अर्ज खरोखर अडकला तरी कुणी वळून पाहत नाही आणि शेवटच्या तारखेला एखाद्या मुलीचे वर्ष पणाला लागते. १९४४ साली सुरू झालेल्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचे मोल आपल्या घरांना सांगायला नको.

उपाय पुढीलप्रमाणे :

१) ‘पाच सेकंद थांब’ असे लिहू नये. ‘पोचपावती दिसेपर्यंत थांब, फार तर तीस सेकंद’ असे लिहावे.

२) बटण जागेवरून नव्हे, त्यावरील नावावरून शोधावे. जागा वारंवार बदलते.

३) प्रत्येक चाचणीने आपला स्वतंत्र विद्यार्थी तयार करावा. दुसरीने भरलेल्या माहितीवर विसंबू नये.

४) ओटीपी, बँक अशा बाहेरच्या सेवांऐवजी ठरलेले नकली उत्तर द्यावे. खऱ्या सेवा वेगळ्या तपासाव्यात.

५) नापास चाचणी पुन्हा चालवून पास दाखवणे म्हणजे दुखणे झाकणे होय. स्क्रीनशॉट आणि नोंदी पाहून कारण शोधावे. तोवर ती बाजूला ठेवायची असेल, तर कोण आणि केव्हापर्यंत दुरुस्त करणार, हे लिहून ठेवावे.

आणखी एक गोष्ट. दर वेळी दोष चाचणीचाच असतो असे नाही. पान तयार होण्याआधीच बटण दाबता येत असेल, तर चाचणी कधी कधी फसते, पण घाईतली विद्यार्थिनीही तशीच फसते. तेथे अर्जाचे पानच दुरुस्त केले पाहिजे.

टेस्टिंग शिकणाऱ्यांनी साधनांची नावे पाठ करून थांबू नये. स्वतः एक छोटा अर्ज बनवावा, त्याची चाचणी लिहावी आणि ती सलग वीस वेळा चालवावी. एकदाही उत्तर बदलले तर कारण सापडेपर्यंत सोडू नये. मुलाखतीत सांगण्याजोगे काम हेच आहे.