जुना टीव्ही उघडण्याआधी

खुलताबाद तालुक्यात कितीतरी घरांच्या माळ्यावर पिक्चर ट्यूबचे टीव्ही अजून धूळ खात पडले असतील. ते भंगारात गेले की योकमधलं, म्हणजे किरण वळवणाऱ्या कॉइलमधलं, तांबं निघतं आणि शिसं असलेली काच उकिरड्यावर फुटते. त्यापेक्षा एखाद्या हुशार मुलीनं त्यातून व्हेक्टर पडदा बनवला, तर मला फार आनंद होईल.

टीव्हीचा किरण ६२५ आडव्या ओळींतून फिरून चित्र भरतो. व्हेक्टर पडद्यावर तो रांगोळी काढणाऱ्या हातासारखा, हवी तीच रेघ ओढत जातो. १९७९ चा 'अ‍ॅस्टेरॉइड्स' हा व्हिडिओ गेम असाच चाले.

पण एक कळकळीचं सांगणं आहे. टीव्ही एकट्यानं उघडू नका. रंगीत ट्यूबमध्ये वीस-पंचवीस हजार व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही ट्यूब तो भार धरून ठेवते. आत निर्वात पोकळी असते, म्हणून ट्यूबची बारीक मान कधीच धरायची नाही. अनेक टीव्हींची चेसिस थेट मेन्सला जोडलेली असते. योकला सिग्नल देण्यासाठी तिला मोबाइलची किंवा अ‍ॅम्प्लिफायरची वायर लावणं म्हणजे जिवाशी खेळ.

लोडशेडिंगच्या काळात १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालायचा तो छोटा ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही त्यातल्या त्यात बरा. त्यातही दहा हजारांच्या आसपास व्होल्ट असतातच. शिवाय योकची आडवी कॉइल नुसती सोडवली की काम बिघडतं, कारण हाय व्होल्टेज त्याच सर्किटमधून तयार होतं. तिच्या जागी दुसरी कॉइल द्यावी लागते. किरण एका जागी थांबला, तर पडद्यावर कायमचा डाग पडतो. ब्राइटनेस कमीच ठेवा.

सुरुवात मात्र ऑसिलोस्कोपवर करा. कॉलेजच्या प्रयोगशाळेत तो असतो. एक्स-वाय मोड लावा, कमी आवाजावर ठेवलेल्या मोबाइलच्या हेडफोन सॉकेटमधून डावा आवाज आडव्या चॅनलला आणि उजवा उभ्याला द्या. योग्य सूर दिले की पडद्यावर वर्तुळं, आठचे आकडे उमटतील. सगळं गणित तिथेच कळतं, आणि जिवाला धोका नाही. पुढे शिकायचं असेल तर संभाजीनगरला विद्यापीठ परिसरात 'नायलिट' ही केंद्र सरकारची संस्था आहे.

आणि मेकॅनिक काकांनो, तुमचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान बंद झालं असेल, पण ट्यूब डिस्चार्ज कशी करायची हे तुमच्या हाताला माहीत आहे. एखादं पोर जुना टीव्ही घेऊन दारात आलं, तर त्याला परत पाठवू नका. शेजारी बसवून शिकवा.