खंड संपतो, गोष्ट उरते

जे. आर. आर. टॉल्किन यांच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चा दुसरा खंड नोव्हेंबर 1954 मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या शेवटच्या पानावर नायक फ्रोडो शत्रूच्या हाती सापडलेला आहे. तो जिवंत आहे एवढेच कळते, आणि त्याचा सोबती सॅम बंद दरवाजाबाहेर पडलेला आहे. तिसरा खंड आला ऑक्टोबर 1955 मध्ये. म्हणजे वाचकांना जवळजवळ वर्षभर थांबावे लागले. टॉल्किन यांनी मुळात तीन कादंबऱ्या लिहिल्याच नव्हत्या, एकच अवाढव्य कादंबरी लिहिली होती. युद्धानंतरच्या त्या काळात कागद महाग होता आणि एवढे मोठे पुस्तक एकदम काढणे प्रकाशकाला धोक्याचे वाटत होते, म्हणून तिचे तीन भाग पडले. दुसऱ्या खंडाचा तो शेवट असा कागदाच्या हिशेबातून आलेला आहे.

मालिका लिहायला घेणारे नवे लेखक नेमका हाच शेवट नमुना म्हणून समोर ठेवतात, आणि तिथे घोटाळा होतो. नायक संकटात सापडला, दार लागले, पुढचे पुढच्या भागात. वाचकाला अडकवून ठेवले की तो परत येणारच, असा त्यामागचा हिशेब. साप्ताहिकातून किंवा मासिकातून हप्त्याहप्त्याने येणाऱ्या कादंबरीला हा हिशेब शोभतो. हरि नारायण आपट्यांच्या ‘करमणूक’पासून मराठी वाचक त्या गोडीला सरावलेला आहे. पण हप्त्याचा वाचक पुढच्या अंकापर्यंत थांबतो, आणि अंकात त्याला इतरही मजकूर मिळालेला असतो. पुस्तकाचा वाचक चारशे पाने वाचतो, पूर्ण पुस्तकाची किंमत मोजतो आणि मग एकदोन वर्षे थांबतो. त्याच्या हातात काहीतरी पूर्ण पडायला हवे, ही मागणी रास्त आहे.

पूर्ण पडायला हवे म्हणजे काय? सगळे प्रश्न मिटायला हवेत असे नव्हे. तसे झाले तर पुढचा खंड हवाच कशाला? प्रत्येक खंड आपल्या पहिल्या काही प्रकरणांत एक प्रश्न उभा करतो. तो प्रश्न त्या खंडाचा. त्याचे उत्तर त्याच खंडात मिळाले पाहिजे, आणि पुढच्या खंडाचा प्रश्न त्या उत्तरातूनच निघाला पाहिजे. उत्तर लांबणीवर टाकणे वेगळे आणि उत्तराचे परिणाम शिल्लक ठेवणे वेगळे. सगळी कारागिरी या दोहोंतल्या फरकात आहे.

इटालियन लेखिका एलेना फेरान्ते यांच्या नेपल्सच्या चार कादंबऱ्यांतली पहिली, ‘माय ब्रिलियंट फ्रेंड’, 2011 मध्ये आली. तिचा शेवट या दृष्टीने पुन्हा पुन्हा वाचण्यासारखा आहे. लीला ही चांभाराची बुद्धिमान मुलगी. वस्तीतला पैसेवाला दांडगा मार्चेल्लो सोलारा तिला मागणी घालतो आणि ती त्याला ठाम नकार देते. सोलारांच्या पकडीतून ती सुटणार का, हा त्या पुस्तकाचा प्रश्न. ती किराणा दुकानदार स्तेफानोशी लग्न करते. लहानपणी तिने मोठ्या हौसेने आखलेले आणि भावासोबत तयार केलेले बूट याच स्तेफानोने विकत घेतलेले असतात. लग्नाच्या मेजवानीत मार्चेल्लो येतो आणि त्याच्या पायांत तेच बूट दिसतात. पुस्तक तिथे संपते.

इथे वाचकापासून काहीही लपवलेले नाही. प्रश्नाचे उत्तर आले आहे आणि ते ‘नाही’ असे आहे. नवऱ्याने लग्नाच्या दिवशीच सोलारांशी संधान बांधलेले आहे, हे एका जोडीवरून समजते. आता सोळा वर्षांची ही मुलगी काय करणार, हे विचारायला वाचक आपणहून दुसऱ्या खंडाकडे वळतो. शिवाय ते बूट शेवटच्या प्रसंगासाठी ऐनवेळी आणलेले नाहीत. ते अर्धे पुस्तक आपल्यासोबत आहेत, त्यांच्यावरून बापलेकांची भांडणे झालेली आहेत, त्यांत एका मुलीची महत्त्वाकांक्षा शिवलेली आहे. शेवटाचा ठोसा बसतो तो या साठवणीमुळे.

जे. के. रोलिंग यांनी हेच काम मुलांसाठी, ‘हॅरी पॉटर’च्या सात खंडांत, 1997 ते 2007 या दहा वर्षांत केले. त्यांना शाळेच्या वर्षाचा मोठा आधार होता. वर्ष संपते, परीक्षा होतात, मुले घरी निघतात, म्हणजे खंडाला नैसर्गिक सीमा मिळते. चौथ्या खंडाचा प्रश्न आहे, हॅरीचे नाव स्पर्धेच्या चषकात टाकले कोणी आणि का? त्याचे उत्तर मिळते, आणि त्या उत्तरातच व्होल्डेमॉर्टचे पुनरागमन आहे. रोलिंग तिथेच पडदा पाडत नाहीत. स्पर्धेत मेलेल्या मुलाची आठवण काढली जाते, परतीची गाडी सुटते, स्पर्धेत जिंकलेले पैसे हॅरी मित्राच्या जुळ्या भावांना देऊन टाकतो. मगच पुस्तक मिटते. हा खंड जुलै 2000 मध्ये आला आणि पाचवा जून 2003 मध्ये. तीन वर्षे मुले थांबली ती या पुस्तकाने त्यांना रीतसर निरोप दिला होता म्हणून, असे आमचे मत आहे.

अमीश त्रिपाठी यांच्या शिवत्रयीचे पहिले पुस्तक, 2010 चे ‘मेलुहा’, मराठीतही भरपूर वाचले गेले. अयोध्येतल्या मंदिराबाहेर सतीवर हल्ला होतो, शिव धावतो, आणि पुस्तक थांबते. वरवर पाहता ही निव्वळ अडकवणूक. पण नीट वाचले तर दिसते की त्या खंडाच्या मूळ प्रश्नाचे उत्तर त्याआधीच येऊन गेले आहे. शिव ज्यांच्याशी लढला ते चंद्रवंशी खरोखर दुष्ट आहेत का? ते नाहीत, आणि आपण चुकीच्या बाजूने युद्ध जिंकलो, ही जाणीव शिवाला जाळते आहे. कादंबरी खरे तर तिथे पूर्ण होते. हल्ला हा तिला मागाहून जोडलेला आकडा आहे. असा आकडा चालतो, मात्र मागे भिंत असेल तरच. अनुकरण करणारे बहुधा आकडा तेवढा उचलतात.

रहस्यकथांच्या मालिकांची गोष्ट निराळी. बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार असो की सुहास शिरवळकरांचा बॅरिस्टर अमर विश्वास, तिथे प्रत्येक प्रकरणाचा उलगडा त्याच पुस्तकात होतो. तिथे अवघड असते ती मालिकाच संपवणे. कॉनन डॉयल यांनी 1893 मध्ये शेरलॉक होम्सला रायखेनबाख धबधब्यात ढकलून तो प्रयत्न केला. वाचकांनी तो मानला नाही आणि 1903 मध्ये होम्सला परत आणावे लागले.

आता अखेरच्या खंडाविषयी. इथे टॉल्किन यांच्याकडेच परत गेले पाहिजे, कारण मधल्या खंडाचा शेवट त्यांना हिशेबाने लादला गेला असला तरी अखेरचा शेवट संपूर्ण त्यांचा आहे. ज्या अंगठीसाठी फ्रोडोचा सगळा प्रवास, ती नष्ट होते सहाव्या आणि शेवटच्या पर्वाच्या तिसऱ्या प्रकरणात. त्यानंतर आणखी सहा प्रकरणे आहेत. परत आलेल्यांना आपले गाव नासलेले दिसते, ते पुन्हा उभारावे लागते. फ्रोडोची जखम भरत नाही आणि तो समुद्रापार निघून जातो. सॅम घरी येतो. 2003 च्या चित्रपटात गावाच्या दुर्दशेचा भाग वगळला आहे, आणि पडद्याच्या गरजा वेगळ्या असल्याने ते समजण्यासारखे आहे. कादंबरीत मात्र तोच सर्वांत मोलाचा भाग. हजाराहून अधिक पाने ज्यांच्यासोबत चाललो त्यांना युद्धाची काय किंमत मोजावी लागली, हे पाहिल्याशिवाय वाचकाचे समाधान होत नाही. मालिका जितकी लांब, तितका हा उतार लांब हवा. आपल्याकडे लिहिल्या जाणाऱ्या मालिकांत निकाल लागताच दोन पानांत गाशा गुंडाळला जातो, आणि हा दोष आम्हाला अर्धवट तोडलेल्या शेवटापेक्षाही गंभीर वाटतो.

मराठीत गंभीर कादंबरीच्या वाटेनेही हा प्रश्न सोडवला गेला आहे. भालचंद्र नेमाडे यांच्या 1970 च्या दशकातल्या चांगदेव चतुष्टयात संकट नाही, रहस्य नाही, विजयही नाही. एक गाव, एक नोकरी, तिथली माणसे, आणि मग तिथून उठणे, एवढ्यावर खंडाला आकार येतो. ‘बिढार’, ‘हूल’, ‘जरीला’ आणि ‘झूल’ यांतली कोणतीही एक उचलून वाचता येते. तालुक्याच्या वाचनालयात या सोयीला फार किंमत आहे, कारण तिथे पहिला भाग कुणीतरी नेलेला असतो आणि तिसराच कपाटात सापडतो. त्यांची ‘हिंदू’ही 2010 मध्ये चार खंडांतला पहिला म्हणूनच आली. मोहेंजोदडोच्या उत्खननापासून मोरगावच्या घरापर्यंतचा खंडेरावाचा तो प्रवास वाचकांनी पुढच्या खंडांची वाट न पाहता वाचला, त्यावर वाद घातले, बाजू घेतल्या. मालिकेचा आराखडा घेऊन बसलेल्या लेखकाने आपल्या पहिल्या खंडाची परीक्षा अशीच करावी: उद्या दुसरा खंड निघालाच नाही, तर याच्यावर बोलण्यासारखे काय उरते?